खंजीर लावलेले शब्द

पालघर
ता. २१ नोव्हेंबर १९६६

सौ. नलूवन्सं यांस,
इंदूचा स. न. वि. वि.

इकडचं क्षेम लिहायची रीत आहे, पण या खेपेला ते लिहिता येत नाही. भाऊबीजेच्या सकाळी बाबा अंघोळीला उठले ते न्हाणीपाशीच कोसळले. उजवं अंग गेलंय. डॉक्टर म्हणाले, अर्धांग आहे, जीव वाचला, पण छातीला जपा. तुम्हाला कळवावं की नाही यावर स्वतःशीच भांडत होते. शेवटी यांना न सांगता लिहायला बसले. चौथी पास बाईचं अक्षर आहे, हसू नका.

वाचा गेली म्हणावं तर गेलेली नाही, आणि आहे म्हणावं तर कुणाला कळत नाही. मराठीचा एक शब्द त्यांच्या तोंडून येत नाही. पाणी म्हणता येत नाही, एकनाथ म्हणता येत नाही, इंदू तर सोडाच. जे बोलतात ते सगळं इंग्रजीसारखं. शाळेतले हल्लीचे इंग्रजीचे सर मुद्दाम येऊन बसले, घामाघूम झाले आणि म्हणाले की मास्तरांचे शब्द शाळेच्या डिक्शनरीत सापडत नाहीत. मला मात्र वाटतं की हे तुम्हा बापलेकीचं ते जुनं इंग्रजी असावं. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा जेवताना तुम्ही दोघं कायबाय बोलून हसायचात आणि हे खाली मान घालून भात कालवत बसायचे, ते मला चांगलं आठवतंय.

मान हलवतात, पण तिच्यावर जाऊ नका असं डॉक्टरांनीच सांगितलंय. चहा हवा का म्हटलं तरी होकार, नको का म्हटलं तरी होकार, आणि कप पुढे केला की ढकलून देतात. म्हणून जे कानावर पडलं ते जसंच्या तसं लिहिते. डोळे वर करून वेल्किन म्हणतात. दुपारी पोटावर हात ठेवून नंचन म्हणतात. कूस बदलताना थोल, थोल असं पुटपुटतात. याचे अर्थ कळवलेत तर माझ्यावर उपकार होतील. माणूस डोळ्यांदेखत काहीतरी मागतोय आणि आपण दगडासारखं बसायचं, हे मला सहन होत नाही.

तुम्ही निघून या असं लिहायला हात शिवशिवतोय. पण तुमच्या लग्नाच्या वेळी बाबांनी यांचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून शपथ घातली, ती तुम्हाला ठाऊक आहे. नलूने या घराचा उंबरा ओलांडला तर माझ्या गळ्याची शपथ, असं म्हणाले होते. सहा वर्षं झाली, सुटली काही म्हणाले नाहीत. आणि ज्याने घातली त्यानेच सुटली म्हणायचं असतं, दुसऱ्या कुणाला ती सोडवता येत नाही. तुम्ही आत पाऊल टाकलंत की बाबांचा जीव जाईल, असं यांच्या मनाने घेतलंय. रागाने नाही हो, भीतीने. झोपलेल्या बाबांच्या नाकापुढे हात धरून श्वास बघत असतात.

जावईबापूंना नमस्कार, हिराला गोड पापा. तुमची माया आहे तशी राहू द्या, मला सध्या तिचाच आधार आहे.

तुमची,
इंदू

---

तारापूर
ता. २४ नोव्हेंबर १९६६

ती. सौ. वहिनींस,
नलूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आलं तेव्हा सासूबाई आणि मी अंगणात बोंबील सुकत घालत होतो. हात धुवायचंही सुचलं नाही. या कागदाला वास लागला असेल तर नाक मुरडू नका, आता माझं घरच कोळ्याचं आहे.

वहिनी, तुमचा तर्क अगदी बरोबर आहे. ते इंग्रजीच आहे, पण मेलेलं. मनोरला जंगलखात्याच्या साहेबाचा बंगला रिकामा झाला तेव्हा बाबांनी तिथला जाडजूड इंग्रजी कोश उचलून आणला होता. त्यात काही शब्दांपुढे खंजिराची खूण आहे. खंजीर असला की समजायचं, हा शब्द आता कुणी बोलत नाही. बाबांना त्यांची फार कीव यायची. म्हणायचे, बिचारे कुणाचं वाकडं न करता मेले, आपण रोज एकाला घास घालू. मग रोज संध्याकाळी एक मेलेला शब्द, आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर घरात तोच वापरायचा. लग्नासाठी घराबाहेर पडले तेव्हा मी तो कोश पिशवीत घातला. बाबांनी बघितलं आणि तोंड फिरवलं.

वेल्किन म्हणजे आभाळ. त्यांची खाट माजघरात असेल, तिथे खिडकी नाही. ओटीवर खिडकीपाशी आणा. नंचन म्हणजे दुपारचं मधल्या वेळचं खाणं, तेव्हा त्यांना रताळं उकडून मऊ करून द्या. थोल म्हणजे सोसणं. कूस बदलताना म्हणतात म्हणजे दुखतंय, पण सोसतो, असं सांगतायत. उजव्या खांद्याखाली उशी द्या.

यायचं तर मला आत्ताच्या आत्ता आहे. शपथबिपथ मी मानत नाही असं इथे सगळ्यांना ऐकवत असते. हिराचे बाबा इथल्या नव्या अणुवीज केंद्राच्या सायटीवरच्या स्टोअरमध्ये नोकरीला आहेत, त्यांनी तर रजेचा अर्जही लिहून ठेवला. पण बाबांच्या गळ्यावर पैज लावायची हिंमत माझ्यात नाही. मी आत आले आणि त्यांना काही झालं तर दादा बोलेल ते बोलेल, मीच मला जन्मभर सोडणार नाही. त्यांच्या तोंडून सुटली आलं की मी धावत येईन. माझ्याविषयी काही बोलतात का, एवढं कळवा. तुम्ही त्यांचं करताय, त्यापुढे माझा नमस्कार थिटा आहे.

तुमची,
नलू

---

पालघर
ता. १ डिसेंबर १९६६

सौ. नलूवन्सं यांस,
इंदूचा स. न. वि. वि.

खाट ओटीवर आणली. यांना वाटलं, मलाच सुचलं. बाबांनी खिडकीतून वर बघितलं आणि डोळ्यांतून पाणी काढलं. मी पदराने पुसलं, तर पुन्हा वर बघायला लागले. रताळं अख्खं संपवलं. काल मी धीर करून नंचन म्हटलं, तर अर्ध्या तोंडाने हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. वन्सं, मी चुलीपाशी जाऊन मनसोक्त रडून घेतलं आणि मग भाकरी टाकल्या.

नवे शब्द लिहिते. दिवेलागणीला उशीर झाला की डार्कलिंग म्हणतात. ओव्हरमॉरो असं मधूनच म्हणतात, तेव्हा कुठे बघत नाहीत. आणि मी भरवून तोंड पुसलं की दर वेळी ग्रामर्सी म्हणतात. वाईट काही नसेल ना? तोंड तर शांत असतं.

तुमच्याविषयी विचारलंत. खोटं लिहीत नाही, तुमचं नाव आलेलं नाही. पण कुणाचंच नाव येत नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. दुखणं येण्याआधीचं सांगते. कपाटात जिथे तुमचा तो कोश असायचा तिथे कुणाला काही ठेवू देत नसत. मी एकदा पापडाचा डबा ठेवला तर न बोलता उचलून खाली ठेवला आणि धोतराच्या सोग्याने ती जागा पुसली.

यांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं की बाबा त्यांच्या इंग्रजीत सुटली म्हणाले तर चालेल का. उठून बाबांचा श्वास बघून आले. मग म्हणाले, बाबांनी सोडवली तर मी स्वतः बोईसर स्टेशनावर जाऊन तिला घेऊन येईन. तेव्हा आता सुटलीला त्या इंग्रजीत काय म्हणतात ते लगेच कळवा, मी कान लावून बसते. आणि मनातलं सांगू? एखादा शब्द तसा नसला तरी तसा आहे असं तुम्ही लिहिलंत, तर पडताळायला कोण जातंय? देव मला माफ करील. म्हाताऱ्या माणसाला लेक भेटली तर त्यात पाप ते काय. उत्तर उलट टपाली धाडा आणि मला परकं करू नका.

तुमची,
इंदू

---

तारापूर
ता. ४ डिसेंबर १९६६

ती. सौ. वहिनींस,
नलूचा शि. सा. न. वि. वि.

आधी ग्रामर्सी. ते म्हणजे आभारी आहे. आमच्या बाबांनी मराठीत कधी कुणाचे आभार मानल्याचं मी ऐकलं नाही. आईचे तर नाहीतच, ती बिचारी तशीच गेली. तुमचे मात्र जेवणागणिक मानतायत. फार चढून जाऊ नका. खरं तर मला तुमचा थोडा हेवाच वाटला, तो इथे लिहून टाकते म्हणजे मनात राहायचा नाही.

डार्कलिंग म्हणजे अंधारात. ओव्हरमॉरो म्हणजे परवा, पण येणारा परवा. गेलेल्या परव्याला त्यांच्यात वेगळा शब्द होता. आपला परवा दोन्हीकडे धावतो म्हणून बाबा त्याची चेष्टा करायचे. ते कशाबद्दल परवा म्हणतायत ते इथून मला कळत नाही.

हिराच्या बाबांनी यातला एक शब्द तिकडच्या अमेरिकन इंजिनियराला विचारला. साहेब खूप हसला. म्हणाला, हे माझ्या आजीच्या आजीनेही ऐकलं नसेल. ज्यांची भाषा त्यांना ठाऊक नाही, आणि पालघरला आमचे बाबा त्या भाषेत रताळं मागतायत.

परवा मी पालघरला येऊन गेले. आमची शेजारीण सोमी मासे घेऊन तिकडच्या बाजारात येते, तिच्याबरोबर आले. तुमच्या आळीच्या तोंडाशी उभी राहिले. खिडकीतून खाटेची एक कड आणि बाबांची चादर दिसली. सोमीने दंड धरून मला परत नेलं. म्हणाली की चादर दिसली ना बाय, आता चल, नाय तर इथंच रडत बसशील आणि माझी मासळी कोण इकणार.

आता मुख्य गोष्ट. सुटलीला शब्द आहे. बाबांना ठाऊक आहे आणि मलाही. पण तो मी तुम्हाला कळवणार नाही. कळवला तर तुमच्या कानाला तो ऐकू येईलच, कारण तुम्हाला तो ऐकायचाय. तुम्ही नुसतं ऐकलेलं लिहीत जा. आणि खोटा अर्थ लिहायचं म्हणाल, तर ते माझ्याच्याने होणार नाही. लहानपणी एका शब्दाचा अर्थ येत नव्हता म्हणून मी ठोकून दिला, तेव्हा बाबा जेवले नव्हते. म्हणाले की मेलेल्याच्या तोंडी खोटं घालू नये, त्याला उठून नाही म्हणता येत नाही. वहिनी, त्यांनी मला बोलावलं नाही तर मी तळमळेन, पण त्यांच्या नावाने मीच मला बोलावणार नाही. रागावू नका. तुम्ही रागावलात तर मला पालघरात कुणीच उरत नाही.

तुमची,
नलू

---

पालघर
ता. ९ डिसेंबर १९६६

चि. सौ. नलूस,
एकनाथचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझा आणि घरातला पत्रव्यवहार मला समजला आहे. बायको भाकरी थापताना वेल्किन म्हणू लागली तेव्हाच समजला. मी रागावलेलो नाही. बाबांना त्याने आराम पडला, हे मी उघड कबूल करतो.

तुला एक सांगायचे आहे, ते समोर असतीस तर सांगितले नसते. तुम्ही दोघे जे बोलायचात त्यात मला कुणी घेतले नाही. मी मागितले नाही हेही खरे. मॅट्रिक झालो, भाताच्या गिरणीला चिकटलो, आणि बाबांना माझ्याशी बोलायला गिरणीपलीकडे विषय राहिला नाही. आज त्यांचे दुखणे मी काढतो, उचलतो, धुतो, आणि ते जे बोलतात ते सगळे तुझ्या पत्त्यावर जाते. मी मधला हमाल. असो.

शपथेला तू हसत असशील. बाबांनी माझा हात गळ्यावर ठेवला तेव्हा त्यांची नस माझ्या बोटांखाली उडत होती. ती अजून माझ्या बोटांना लागते. तू आत आलीस आणि ती थांबली, तर मी कुणाकडे बघू? त्यांनी स्वतःच्या तोंडाने सोडवावी, भाषा कुठली का असेना. पण ते सुटलीच आहे हे मला दुसरीकडून कळले पाहिजे. तू खोटे बोलशील असे म्हणत नाही. पण तुला यायचे आहे, आणि ज्याला यायचे असते त्याला दार उघडेच दिसते.

तुझ्या यजमानांना, कृष्णकांतरावांना नमस्कार सांगावा. सहा वर्षांत सांगितला नव्हता. तुझ्यावरची माया कमी झालेली नाही, एवढे धरून चालावे.

तुझा,
दादा

---

पालघर
ता. १७ डिसेंबर १९६६

सौ. नलूवन्सं यांस,
इंदूचा स. न. वि. वि.

बाबांना ताप आहे. छातीत कफ झालाय. डॉक्टर रोज येऊन सुई देतात आणि जाताना माझ्याकडे न बघता जातात. रताळं नको, काही नको. आभाळाकडे मात्र बघतात.

काल सकाळी हे त्यांची दाढी करत होते. बाबांनी चांगल्या हाताने यांचं मनगट धरलं, तो हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि असॉइल असं म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग रडायलाच लागले. यांनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. यांना वाटलं, बाबा शपथ पुन्हा पक्की करतायत. तेव्हापासून हे जेवलेले नाहीत. मला काय वाटलं ते लिहीत नाही, तुम्हीच मला तसं बजावलंय. आज सकाळी पुन्हा तोच हात, तोच गळा आणि तोच शब्द.

वन्सं, मी तुम्हाला त्या दिवशी खोटं लिहायला सांगितलं, ते विसरा. खरं असेल ते लिहा. पण लवकर लिहा, टपालावर भरवसा नको, सोमीच्या हाती द्या. पुढचं काही लिहवत नाही. जीव लावलाय तसा लावून ठेवा.

तुमची,
इंदू

---

तारापूर
ता. २० डिसेंबर १९६६

ती. दादास,
नलूचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सोमी आणतेय, बरोबर कोशही आहे. जड आहे, पण ती म्हणाली की आमी पापलेटाच्या पाट्या वाहतो, यात काय हाय. खूण म्हणून सुतळी घातली आहे, त्या पानावर असॉइल हा शब्द बघ. त्याच्यापुढे खंजीर आहे. त्याचा अर्थ मोकळं करणं. घातलेल्या बंधनातून, वचनातून, दोषातून सोडवणं. बाबांनी तुझा हात जिथे ठेवून बांधला होता, तिथेच ठेवून सोडवला आहे. शपथ पक्की करत नव्हते रे.

माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवू नकोस, तुझं तेही मला पटलंय. पुस्तकात वाच. तुझं इंग्रजी गंजलं असेल, पण मॅट्रिकचं आहे, एवढं तुला येईल. तुझ्या पत्रातलं हमालाचं वाक्य मी वाचते आणि मिटून ठेवते. आम्ही दोघांनी तुला बाहेर ठेवलं आणि ते आमच्या लक्षातही आलं नाही. बाबा हा शब्द मला नाही म्हणाले दादा, तुला म्हणाले. तुझा हात धरून म्हणाले.

मला यायचंय. मला त्यांना बघायचंय आणि हिराला दाखवायचंय. सोमी उद्याही बाजारात असेल. तिच्याजवळ नुसतं ये म्हणून सांग, मी हातातलं टाकून निघेन. आणि तुझ्या मनाला पटलं नाही तर तसं सांग, मी वाट बघेन. तुझ्यावर माझा राग कधीच नव्हता, तुझी माया तेवढी पाठीशी असू दे.

तुझी,
नलू

---

पालघर
ता. २१ डिसेंबर १९६६

वन्सं,

बाबा दुपारी गेले. मी जवळ होते. त्रास झाला नाही. हे सकाळीच मनोरला गेलेत, त्यांच्यासाठी माणूस धाडलाय. तुम्ही निघा. तुम्ही आल्याशिवाय बाबांना हलवू देणार नाही, माझ्याशी भांडायला गावातलं कुणी का येईना. सोमी हे घेऊन धावतेय. उंबऱ्याशी थबकू नका, सरळ आत या. हिराला आणा.

इंदू

---

पालघर
ता. १४ जानेवारी १९६७

चि. सौ. नलूस,
एकनाथचे अनेक आशीर्वाद.

आज संक्रांत. आपल्याकडे यंदा तिळगूळ नाही, पण हिरासाठी घरातून थोडे तिळाचे लाडू पाठवले आहेत. तिच्यापुरते सुतक धरायचे नाही असे इंदूने ठरवले आहे.

तेरा दिवस तू इथे होतीस आणि मला हे तोंडाने सांगता आले नाही. आता लिहितो.

सोमीने कोश दिला त्या संध्याकाळी मी तो उघडला. शब्द सापडला. बारीक टाइप, चारपाच ओळी. मोकळे करणे कळले, पण पुढे आणखी अर्थ दिले होते, ते लागेनात. माझा विश्वास बसला होता, नलू. पण बाबांच्या जिवाचा प्रश्न, त्यात एक ओळ न कळता कसे पुढे जायचे? इंग्रजीचे सर नाताळच्या सुटीत गावी गेलेले. म्हणून सकाळी कोश बगलेत मारून मनोरच्या म्हाताऱ्या वकिलांकडे निघालो. त्यांना जुन्या कोर्टातले इंग्रजी येते. त्यांनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाले की बरोबर आहे, बंधनातून सोडवणे हाच अर्थ. मी तिथल्या तिथे ठरवले की पालघरला न थांबता बोईसरला जायचे आणि तुला घेऊनच यायचे. एस. टी.च्या थांब्यावर उभा होतो तिथे माणूस आला.

आदल्या संध्याकाळी तुला निरोप दिला असता तर तू त्यांना जिवंत पाहिले असतेस. हे तू मला बोलली नाहीस. तू बोलली नाहीस म्हणून मला ते जास्त लागते.

आता विचारायचे ते विचारतो. त्या सकाळी निघताना मी खाटेपाशी वाकलो, तर बाबांनी डाव्या हाताने माझा सदरा धरला आणि एक शब्द म्हणाले. बाइड. दोनदा म्हणाले. मी म्हटले, हा गेलो आणि हा आलो, आणि त्यांची बोटे सदऱ्यापासून सोडवली. इंदू तेव्हा विहिरीवर होती, तिने ऐकले नाही. माझ्याशी बोललेला तो त्यांचा शेवटचा शब्द. त्याचा अर्थ मला ठाऊक नाही आणि तो मला झोपू देत नाही. कोश तू परत नेलास. सरांना विचारावे तर ते का म्हणून विचारतील आणि गावभर होईल. तू स्वतःच्या भल्यासाठीसुद्धा बाबांच्या शब्दाचा खोटा अर्थ लावला नाहीस, हे इंदूने मला सगळे सांगितले. म्हणून तुलाच विचारतो. जो असेल तो लिहावा. या घरी तुझे येणेजाणे आता कुणाला विचारून नको.

तुझा,
दादा

---

तारापूर
ता. १७ जानेवारी १९६७

ती. दादास,
नलूचा शि. सा. न. वि. वि.

लाडू पोचले. हिराने कुणाला दिले नाहीत, सासूबाईंनी मागितला तर त्यांना अर्धा मोडून दिला.

तू विचारलेला शब्द मी कोशात काढून बघितला. त्याच्यापुढेही खंजीर आहे. घरातून कामाला निघणाऱ्या माणसाला थोरली माणसं तो म्हणत. आपण म्हणतो ना, सुखाने जा आणि सावकाश ये, तोच अर्थ. दोनदा म्हणायची त्यांच्यात पद्धत होती. तू कशासाठी निघालायस ते बाबांना कळलं होतं, असं मला वाटतं. त्यांनी तुला अडवलं नाही, आशीर्वाद देऊन पाठवलं. तू गेलास ते त्यांच्या मर्जीने गेलास.

माझं म्हणशील तर मी त्यांना पाहिलं, त्यांचा हात हातात घेतला, तो गार होता पण त्यांचाच होता. त्यांनी मला सोडवलं होतं हे कळून मी आत आले. मला तेवढ्यावर जगता येईल. तुला काही बोलायचं माझ्या मनात नव्हतं आणि नाही. वेळेवर जेवत जा. आता आपण दोघंच उरलो, तेव्हा लोभ वाटून घ्यायला तिसरं कुणी नाही.

तुझी,
नलू

---

तारापूर
ता. १७ जानेवारी १९६७

ती. सौ. वहिनींस,
नलूचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सोमी तुमच्याच हातात देईल. वाचून चुलीत घाला.

दादाने मला बाबांचा एक शब्द विचारलाय, तो मनोरला निघाला तेव्हाचा. त्याला मी लिहिलं की त्याचा अर्थ सुखाने जा असा आहे. तुमच्याजवळ बोलला तर तुम्हीही तसंच म्हणा. शाळेतल्या सरांना विचारू देऊ नका. हा शब्द त्यांच्या डिक्शनरीतही सापडेल, तो अजून पुरता मेलेला नाही. त्याच्यापुढे खंजीर नाही. दादाने कोश मागितला तर मी सांगेन की हिराने पानं फाडली.

हे तुमच्यावर लादू नये असं वाटत होतं. पण कुणाला तरी ठाऊक असायला हवं की बाबा खरं काय म्हणाले होते, आणि मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही. त्यांनी दादाचा सदरा धरला आणि बाइड म्हणाले. बाइड म्हणजे थांब. जाऊ नकोस, माझ्याजवळ थांब.

दादाला आता झोप लागते का, तेवढं कळवा.

तुमची,
नलू